कच्चे वाल का बाधतात? कमलाबाई सोहोनींची गोष्ट

आम्ही चेण्याच्या बचत गटातल्या बाया. चेणे म्हणजे घोडबंदर रस्त्यावरचं गाव. कागदावर आम्ही मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येतो, पण घरामागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, जवळून चेणे नदी वाहते, पुढे वसईची खाडी आहे. रस्त्याच्या कडेने मात्र दरवर्षी नव्या उंच इमारती उभ्या राहतात. त्या इमारतींमुळेच आमचा छोटासा धंदा चालतो. आम्ही वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि डाळिंब्या पाकिटात भरून विकतो. ज्यांच्या घरी सोलायला वेळ नाही, त्या घेतात.

गेल्या हिवाळ्यात एका इमारतीतल्या ताईंनी आम्हाला मोठी मागणी दिली. दर आठवड्याला पाच किलो मोडाचे वाल, पण न शिजवता खाण्यासाठी. त्यांच्या व्यायामशाळेतली मंडळी कच्ची कडधान्यं कांदा-लिंबू घालून खातात. पाकिटावर ‘कच्चेच खा, भरपूर प्रोटीन’ असं छापून द्या, म्हणाल्या. पैसे चांगले होते. आम्ही हो म्हणायच्याच बेतात होतो. तेवढ्यात बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या आजी बोलल्या, “कच्चा वाल बाधतो. पोट फुगतं, पोरांना उलट्या होतात. असला धंदा करायचा नाही.”

आम्ही विचारलं, “का बाधतो, आजी?”

“ते मला काय ठाऊक? माझी सासू सांगायची.”

आता सासू सांगायची म्हणून महिन्याची कमाई सोडायची का? गटात दोन तट पडले. आमच्यातली एकही विज्ञान शिकलेली नाही. हे लिहिणारी कोऑर्डिनेटर बी.ए. झालेली, तीही मराठी विषय घेऊन. शेवटी गटातल्या एका बाईची मुलगी, बारावी सायन्सची, तिला बोलावलं. तिने पुस्तक आणलं. त्यात महारेणूंचा धडा होता. त्या धड्यापासून आम्ही शोधत गेलो आणि थेट वालावरच संशोधन केलेल्या एका मराठी बाईपर्यंत पोचलो. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आधी महारेणू म्हणजे काय ते समजून घेऊ. आपलं शरीर, भाताचं रोप, गाय, मासा, सगळं फार लहान कणांचं बनलेलं आहे. त्या कणांना रेणू म्हणतात. पाण्याचा रेणू अगदी छोटा असतो. पण सजीवांच्या अंगात काही रेणू लांबच लांब असतात, मण्यांच्या माळेसारखे. एकाला एक जोडून शेकडो, हजारो मणी. त्यांना महारेणू म्हणायचं.

पहिलं उदाहरण आपल्या शेतातलं घेऊ. भाताच्या दाण्यात स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. भाताच्या पेंढ्यात सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजेसुद्धा ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तोच, रोपही तेच. फरक एवढाच, की मणी एकमेकांना जोडायची तऱ्हा वेगळी. स्टार्चचे सांधे आपल्या लाळेला आणि आतड्याला सोडवता येतात, म्हणून भात पचतो. सेल्युलोजचे सांधे आपल्याला सोडवता येत नाहीत, म्हणून पेंढा आपल्याला पचत नाही. गाईबैलांच्या पोटात जे सूक्ष्म जीव राहतात त्यांना ते जमतं, म्हणून पेंढा त्यांचा. नुसता सांधा बदलला आणि एकाचं अन्न दुसऱ्याचा कचरा झालं. महारेणू काय काम करणार हे असं त्याच्या जोडणीवर आणि आकारावर ठरतं.

दुसरं उदाहरण प्रथिनांचं, म्हणजे प्रोटीनचं. प्रथिनाच्या माळेत एकाच जातीचे मणी नसतात. वीस जातींचे असतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येणार याचा क्रम प्रत्येक प्रथिनाचा ठरलेला असतो. आणि ही माळ लोंबती राहत नाही. ती स्वतःभोवती दुमडून, वळसे घेऊन एक ठरावीक आकार धरते. कुठे खळगा, कुठे कंगोरा. त्या आकारानेच ती आपलं काम करते. आकार मोडला की काम थांबलं.

आकार मोडताना आपण रोज बघतो. अंड्यातला पांढरा भाग आधी पाण्यासारखा असतो. तव्यावर टाकला की पांढरा आणि घट्ट होतो. तिथे उष्णतेने प्रथिनाचे वळसे सुटले आणि माळा एकमेकींत गुंतल्या. परत थंड केलं तरी अंडं पहिल्यासारखं होत नाही. वालाच्या गोष्टीत हे पुढे लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

आपण खाल्लेली प्रथिनं पोटात गेल्यावर त्यांची माळ तोडावी लागते. मणी सुटे झाले की ते रक्तात जातात आणि शरीर त्यातून स्वतःच्या नव्या माळा ओवतं. कुणाच्या अंगात दूध तयार होतं, कुणाच्या पोटातलं बाळ वाढतं, कुणाची जखम भरते. ही माळ तोडायचं काम करणारी कात्रीसुद्धा एक प्रथिनच आहे. तिचं नाव ट्रिप्सिन. ती आपल्या स्वादुपिंडात तयार होते आणि लहान आतड्यात काम करते. अशा काम करणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात. एमिल फिशर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली त्यांच्यासाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. किल्लीचा आकार कुलपाला जुळला तरच कुलूप उघडतं. तसंच विकराचा खळगा आणि त्यात बसणारा रेणू.

प्रथिनांच्या या शोधात कडधान्यांचं काम मोठं आहे. विकर ही खरोखर प्रथिनंच असतात का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी १९२६ साली आपल्या आबईच्या नात्यातल्या एका शेंगेच्या दाण्यांतून विकराचे शुद्ध स्फटिक काढले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. सम्नर यांचा एक हात लहानपणीच शिकारीच्या अपघातात गेला होता, तरी त्यांनी हे नाजूक काम केलं. त्याबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १९१७ साली, ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांना दिसलं होतं, की कच्चं सोयाबीन खाणारे उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवलेलं खाणारे वाढतात. पण असं का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणजे आमच्या आजी आणि अमेरिकेतले हे दोन शास्त्रज्ञ तेव्हा एकाच ठिकाणी उभे होते. कच्चं बाधतं हे दोघांना ठाऊक होतं. का बाधतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता आपल्या कमलाबाई. लग्नाआधीचं नाव कमला भागवत. जन्म १९११ सालचा. ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत तुमच्यापैकी कुणी वाचल्या असतील, त्या यांच्या थोरल्या बहीण. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. आपणही तिथेच शिकायचं, असं कमलाबाईंच्या मनात होतं. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. गुण कमी पडले म्हणून अर्ज नाकारला नव्हता. बाई आहे म्हणून नाकारला होता.

कमलाबाई मुकाट्याने घरी बसल्या नाहीत. बंगळूरला गेल्या, रामन यांना भेटल्या, मला का नाही असं विचारलं आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं एक वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानायचं नाही. काम पसंत पडलं तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. मैत्रिणींनो, ही शेवटची अट आपल्याला नवीन नाही. ग्रामसभेत, बँकेत, मोठ्यांच्या बैठकीत आपणही ती ऐकलेली आहे. लक्ष विचलित होतं दुसऱ्याचं आणि बाहेर बसायचं आपण.

कमलाबाईंना त्या अटी अपमानाच्या वाटल्या. त्यांनी त्या मान्य केल्या आणि उतारवयात रामन यांच्या त्या वागण्याबद्दल उघडपणे बोलल्याही. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं. विषय होता दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा राहिली नव्हती. कमलाबाईंना रीतसर प्रवेश मिळाला आणि त्यांच्या मागून संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. १९३७ साली त्यांना तिथे प्रवेश मिळाला. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. कमलाबाईंनी तिथे बटाट्यावर काम केलं. सायटोक्रोम-सी नावाचं एक लोह असलेलं प्रथिन आहे. पेशी श्वसनातून शक्ती मिळवतात त्या साखळीतली ती एक कडी. प्राण्यांमध्ये ते आधी माहीत होतं. वनस्पतीच्या पेशींतही ते असतं, हे कमलाबाईंनी बटाट्यात दाखवलं. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. चौदा महिन्यांत काम आणि लिखाण दोन्ही झालं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

तिकडे राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं, मग तमिळनाडूत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली. अंगणवाडीतल्या तक्त्यांवर ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे नाव तुम्ही वाचलं असेल, तीच ती. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न करून कमलाबाई मुंबईला आल्या आणि फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

इथे त्यांनी जे विषय हाती घेतले, ते आपल्या स्वयंपाकघरातले होते. त्या काळी प्रथिनं म्हटली की अंडी, मटण, दूध यांचंच नाव निघायचं. गरिबाच्या घरी प्रथिनं येतात ती डाळीतून आणि कडधान्यातून. मग ती अंगी किती लागतात, हे कुणी मोजायचं? कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजायला घेतलं. आणि त्यांच्या टेबलावर जी कडधान्यं होती, त्यात आपले वाल होते.

१९५५ साली कमलाबाई आणि त्यांचे सहकारी आंबे यांचा एक लेख ‘नेचर’ या जगातल्या नामवंत विज्ञान नियतकालिकात छापून आला. वालातून आणि डबल बीमधून त्यांनी एका प्रथिनाचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले होते. हे प्रथिन ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिनच्या कात्रीला जो खळगा असतो, त्यात याचा एक कंगोरा नेमका जाऊन बसतो. कात्रीची पाती अडकली. आता ती दुसरं काही कापू शकत नाही. म्हणजे आपण वाल प्रथिनांसाठी खातो, आणि कच्च्या वालातच असं एक प्रथिन आहे जे बाकीच्या प्रथिनांना पचू देत नाही.

झाड असं का करतं? रोपाच्या दृष्टीने बघा. बी म्हणजे त्याचं लेकरू. किड्याने खाल्लं तर किड्याला पचू नये, म्हणून बीला दिलेली ही शिदोरी आहे आणि राखणही आहे.

पुढे १९६२ च्या सुमारास कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थिनीने उंदरांवर प्रयोग केले. काही उंदरांना कच्चे वाल आणि काहींना दाबाखाली वाफवलेले. हे वाफवण्याचं प्रयोगशाळेतलं भांडं म्हणजे मोठा कुकरच. कच्चे वाल खाणाऱ्या उंदरांची वाढ मागे पडली. शिजवलेल्यांनी प्रथिनांचा उपयोग होऊ दिला. १९६५ साली आणखी एक काम छापून आलं. वालात तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारी प्रथिनं असतात. आज त्यांना लेक्टिन म्हणतात. ती आतड्याच्या आतल्या अस्तरालाही चिकटतात. त्यातलं एक प्रथिन वेगळं काढून उंदरांना खाऊ घातलं, तर त्यांची वाढ खुंटली.

तर आजींच्या सासूचं उत्तर मिळालं. कच्चा वाल बाधतो, कारण त्यात दोन प्रकारची राखणदार प्रथिनं आहेत. एक कात्री अडवतं, दुसरं आतड्याला चिकटतं. दोघांचंही बळ त्यांच्या आकारात आहे. आणि आकार उष्णतेने मोडतो, तव्यावरच्या अंड्यासारखा.

आता आपली रीत या नजरेने बघा. वाल रात्रभर भिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. त्या पाण्याबरोबर पाण्यात विरघळणारा काही भाग निघून जातो. मग फडक्यात बांधून मोड आणायचे. बी उगवायला लागलं की साठवलेली प्रथिनं आपल्या रोपासाठी मोडायला लागतं, त्यात हे राखणदारही थोडे कमी होतात. मग गरम पाण्यात टाकून सालं काढायची. सालात तुरट द्रव्यं असतात, तीसुद्धा प्रथिनांच्या पचनात आड येतात. आणि शेवटी हिंग, गूळ, कोकम, ओलं खोबरं घालून मऊ शिजवायचं. बिरडं झालं. ओल्या शेंगांची पोपटी लावतो तेव्हाही मडकं आगीत चांगलं तापतं, दाणा आत वाफेवर शिजतो. ओला वालसुद्धा आपण कच्चा खात नाही.

यातली शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. भिजवणं आणि मोड आणणं याने काम हलकं होतं, पुरं होत नाही. कात्री अडवणारं हे प्रथिन चिवट आहे. ते ज्या घराण्यातलं आहे, त्या घराण्याला बोमन आणि बर्क या दोघांचं नाव आहे. यातल्या येहुदित बर्क ह्या इस्रायलच्या शास्त्रज्ञ बाई. या प्रथिनाच्या इवल्याशा माळेला गंधकाचे सात टाके घातलेले असतात. त्यामुळे ती सहज उसवत नाही. म्हणून अर्धकच्ची उसळ चालत नाही. दाणा बोटाने सहज चिरडला गेला पाहिजे. राजम्याचं तर आणखी जपायचं. त्यात लेक्टिन फार असतं. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा त्रास देतो. मुगात ही प्रथिनं बरीच कमी असतात, म्हणून मोडाचे मूग लोकांना सोसतात. मुगाचा नियम वालाला लावायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुन्या बायकांना सगळं ठाऊकच होतं, विज्ञानाने नवीन काय सांगितलं? आमच्याही गटात कुणीतरी असंच म्हणालं. यावर आम्ही बराच वेळ बोललो.

जुन्या बायकांना अनुभव होता. कुठल्या तरी काळी कुणाचं तरी पोर आजारी पडलं असेल, तेव्हा रीत ठरली. पण रिवाज म्हणून आपल्याकडे आणखीही बरंच चालत आलंय. घरात बाईने शेवटी जेवायचं, हाही रिवाजच. पातेल्यातली घट्ट डाळ आधी पुरुषांना आणि मुलांना, आणि उरलेल्या पाण्यात भात कालवून आपल्याला. बाळंतिणीला अमुक देऊ नका, तमुक देऊ नका, हाही रिवाज. आणि प्रयोगशाळेत बाई नको, हा तर नोबेल मिळालेल्या माणसाने पाळलेला रिवाज.

कमलाबाईंनी त्यांच्या आयुष्यात असे दोन रिवाज तपासले. एक वाल शिजवून खाण्याचा. तो प्रयोगात खरा उतरला आणि का खरा तेही कळलं. दुसरा बाईला विज्ञान झेपत नाही, हा. तो त्यांनी एका वर्षाच्या कामात खोटा पाडला. जुनं म्हणून धरून ठेवलं नाही आणि जुनं म्हणून फेकलंही नाही. तपासून बघितलं. आम्हाला त्यांच्याकडून घेण्यासारखं वाटलं ते हे.

मग आम्हीही एक रिवाज तपासला, ताटाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणारीला त्याहून जास्त. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. आता आपल्या वाट्याला येणारी डाळ किती कोरड्या डाळीची असते ते सांगा. आम्ही एका बैठकीत प्रत्येकीला विचारलं, तेव्हा बऱ्याच जणी गप्प झाल्या. एक म्हणाली, “माझ्या वाटीत डाळ कमी आणि फोडणीच जास्त.” हसलो सगळ्या, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. भातात एका जातीचा मणी कमी असतो, लायसिन नावाचा. डाळी-कडधान्यात तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते भातात मिळतं. वरण-भात, बिरडं-भाकरी एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पण त्यासाठी वरण वरणासारखं पाहिजे. नुसत्या पिवळ्या पाण्याने उणीव भरत नाही.

कमलाबाईंचं पुढचं कामही आपल्या परिसराला धरून आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडा-माडाची ताजी नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ यांत लोह आणि जीवनसत्त्वं असतात, आणि आदिवासी मुलांना व गरोदर बायकांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारते, हे त्यांनी दाखवलं. त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. आमच्या चेण्याच्या मागे जे जंगल आहे, त्याच्या दक्षिण टोकाला आरे वसाहत आहे. त्या आरेच्या दूध योजनेलाही कमलाबाई सल्ला देत असत. म्हणजे मुंबईच्या पोरांच्या पेल्यात जे दूध गेलं, त्यातही त्यांच्या ज्ञानाचा वाटा होता.

एवढं करूनही विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना उशिराच मिळालं. पण मिळालं. निवृत्तीनंतरही त्या बसून राहिल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी. भेसळ, खोटी वजनं, फसव्या जाहिराती यांविरुद्ध ती काम करते. कमलाबाई त्यात उतरल्या, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षही झाल्या, आणि तिच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहू लागल्या. १९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्या काळाने गेल्या. वय ८७ च्या आसपास.

आता आमच्या मागणीचं काय झालं ते सांगतो. आम्ही त्या इमारतीतल्या ताईंना भेटलो. कच्च्या खाण्यासाठी वाल देणार नाही, असं सांगितलं आणि का ते समजावलं. कात्री आणि खळग्याची गोष्ट आमच्या त्या बारावीच्या मुलीने वहीवर चित्र काढून सांगितली. ताईंनी ऐकून घेतलं, पण मागणी रद्द केली. महिन्याची ती कमाई गेली, हे खरं आहे. आता आमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ‘पूर्ण शिजवूनच खा’. काही महिन्यांनी त्याच इमारतीतून शिजवलेल्या उसळीचे डबे मागवायला सुरुवात झाली आहे. पाच किलो नाही, पण आहे.

आणि ती मुलगी. तिला बी.एस्सी. करायचं आहे, जीवरसायनशास्त्रात. घरात वाद चालू आहे. कॉलेज लांब, जाण्या-येण्याचा खर्च, उशीर झाला तर कोण आणायला जाणार. तिच्या आत्याने तर सरळ विचारलं, “शिकून शेवटी डाळच शिजवायची ना?” आम्ही तिच्या घरी गेलो होतो. भांडायला गेलो नव्हतो. कमलाबाईंची गोष्ट सांगितली, आणि गटातून फीसाठी कमी व्याजाचं कर्ज देता येईल, असं सांगितलं. वडिलांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ‘एक वर्ष बघू’ म्हणाले.

एक वर्ष बघू. कमलाबाईंनाही असंच एक वर्ष मिळालं होतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. आज रात्री आपल्या घरात डाळ किंवा उसळ वाढताना बघा, घट्ट भाग कुणाच्या ताटात जातो आणि शेवटी आपल्या ताटात काय येतं. आठवडाभर वहीत लिहा. बैठकीत वाचून दाखवा. आणि वाल भिजवणार असाल, तर नीट शिजवा.